शाळेच्या किचनच्या चावीला दोन महिने हात लावू नकोस

कोलंबस, ओहायो
14 एप्रिल 2025

प्रिय सुनंदा,

काल फोनवर तू भरभरून बोललीस आणि मी नुसतं हं हं करत राहिले, म्हणून आज हे पत्र. तारखा तोंडी सांगितल्या की तू त्या हाताला लागेल त्या पाकिटावर लिहितेस आणि ते पाकीट दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. हे तरी जपून ठेव.

22 वर्षं शाळेच्या किचनमध्ये उभी राहून काढलीस. पूर्ण पेन्शनसाठी 67 व्या वर्षापर्यंत थांबायला हवं होतं, पण गुडघे ऐकेनात, म्हणून 63 व्या वर्षी थोडी कमी पेन्शन घेऊन निघते आहेस. ते बरोबरच करते आहेस. आता मॅनेजरबाई म्हणतात ऑगस्टमध्ये अर्ध्या वेळेसाठी परत ये, आणि तुलाही मनातून यायचंच आहे. ये की. मीही निवृत्त होऊन पुन्हा शाळेची बस चालवतेच आहे, मी कुठल्या तोंडानं तुला अडवू? फक्त मी जिथे आपटले तिथे तू आपटू नकोस.

सर्सचा, म्हणजे ओहायोतल्या शाळा कर्मचाऱ्यांना पेन्शन देणाऱ्या संस्थेचा, नियम असा आहे. निवृत्तीच्या तारखेपासून दोन महिने ओहायोतल्या कुठल्याही सरकारी नोकरीत पाऊल टाकायचं नाही. नुसती आपली शाळा नव्हे, शेजारचा शाळांचा डिस्ट्रिक्ट, काउंटी, सरकारी कॉलेज, सगळं त्यात आलं. या दोन महिन्यांत काम केलंस तर त्या त्या महिन्याची पेन्शन गेली. पुढे मिळेल वगैरे काही नाही, गेलीच. खासगी दुकानात किंवा डे-केअरमध्ये मात्र खुशाल जा, त्याला कुणाची हरकत नाही.

माझं काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. माझी निवृत्ती 1 जूनची. जुलैत समर स्कूलला ड्रायव्हर मिळेना, गराजमधून फोन आला, "सहा दिवस सब, म्हणजे बदली ड्रायव्हर, म्हणून ये." मला वाटलं, सब म्हणजे काय नोकरी थोडीच! फोन करणाऱ्यालाही नियम ठाऊक नव्हता किंवा त्यानं सांगितला नाही. सहा दिवसांच्या पगारापायी माझी अख्ख्या जुलैची पेन्शन बुडाली. सब काय, रोजंदारी काय, त्यांच्या लेखी काम ते काम. पत्र आलं तेव्हा मी रडलेही नाही, नुसती चिडले, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

म्हणून तुझ्या बाबतीत सगळा खेळ तारखेचा आहे. शाळेचा शेवटचा दिवस 30 मे. तू मेमध्येच काम थांबवलंस तर निवृत्तीची तारीख 1 जून पडेल आणि 1 ऑगस्टपासून तू मोकळी. पण तुमच्याकडे शाळा सुटल्यावर फ्रीझर धुवायला, भांडी मोजायला दोन दिवस बोलावतात ना? त्या कामाला जूनमध्ये गेलीस की तारीख सरकली 1 जुलैवर, आणि दोन महिने संपणार 1 सप्टेंबरला. शाळा तर ऑगस्टच्या मध्यालाच उघडते! तेव्हा फ्रीझर दुसऱ्या कुणाला धुऊ दे.

आणखी एक. त्याच जागेवर परत घ्यायचं असेल तर शाळेच्या बोर्डाला रुजू होण्याच्या निदान 60 दिवस आधी जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि 15 ते 30 दिवस आधी त्यावर जाहीर सभा घ्यावी लागते. ऑगस्टच्या मध्याला रुजू व्हायचं तर नोटीस जूनच्या मध्यापर्यंत लागायला हवी. हे काम त्यांचं, पण आठवण तूच कर.

परतल्यावर पेन्शन चालूच राहते आणि पगारही मिळतो. पगारातून पूर्वीसारखे 10 टक्के कापले जातील, पण त्यानं जुनी पेन्शन एक डॉलरनेही वाढणार नाही आणि सेवेची वर्षंही वाढणार नाहीत. ते पैसे वेगळ्या खात्यात साठतात. 65 च्या आत काढलेस तर फक्त तुझे पैसे आणि व्याज. 65 नंतर त्यात शाळेचा वाटाही येतो. तू 64 व्या वर्षी कंटाळून सोडलंस तरी खात्याला वर्षभर हात लावू नकोस. आरोग्य विम्याचंही विचारून घे. तुझ्यासारख्याच कामाच्या माणसांना शाळा विमा देत असेल तर तुलाही द्यावा लागतो, आणि बिल आधी शाळेच्या विम्याकडे जातं.

भाऊजींच्या सोशल सिक्युरिटीची, म्हणजे त्यांच्या सरकारी पेन्शनची, काळजी तू उगाच करतेस. पूर्वी तुझी पेन्शन सुरू होताच तिच्या दोन तृतीयांश एवढी रक्कम त्यांच्या मागे तुला मिळणाऱ्या पैशांतून कापली असती. 5 जानेवारी 2025 ला सही झालेल्या कायद्यानं ती कात्री काढून टाकली. इतकी वर्षं आपण त्या कात्रीला शिव्या घातल्या, गेली तेव्हा मात्र आपल्याला पत्ताच नव्हता. एवढंच बघ की सोशल सिक्युरिटीच्या पूर्ण निवृत्तीवयाच्या आत असताना वर्षाचा पगार ठरलेल्या हद्दीच्या वर गेला (2025 मध्ये ती 23,400 डॉलर होती), तर वरच्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर सोशल सिक्युरिटीवाले रोखून धरतात. पेन्शन त्यात मोजत नाहीत, फक्त पगार. अर्ध्या वेळेच्या किचनच्या पगारात तू तिथवर पोचणारच नाहीस, मॅनेजर कितीही गोड बोलल्या तरी.

सर्सचा फॉर्म घेऊन येत्या रविवारी ये, दोघी मिळून भरू. येताना शाळेचं कॅलेंडर आण, 30 मे नक्की शेवटचा दिवस आहे ना, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

तुझी,
शैला