युवा सहभाग मंडपापुरता नको

महोदय,

युरोपियन युथ फोरम 2009 पासून एखाद्या शहराला ‘युरोपियन युवा राजधानी’ हा वर्षभराचा मान देते. रॉटरडॅमपासून सुरू झालेल्या या चढाओढीत नुसते महोत्सव भरवून भागत नाही, तर शहराच्या कारभारात तरुणांना वाव कसा देणार, हेही मांडावे लागते. आपल्याकडे मात्र मॅरेथॉन, ढोलताशा आणि सेल्फी पॉइंट यांनाच युवा सहभाग म्हणण्याची (सोयीचीच म्हणा) रीत पडली आहे. एकविसाव्या वर्षी नगरसेवकपदाची निवडणूक लढवू शकणाऱ्या नागपूरकर तरुणाला आपल्या प्रभागातील अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी असावी, हेही कोणी विचारत नाही. अंदाजपत्रकापूर्वी धरमपेठ ते आशीनगर प्रत्येक झोनमध्ये युवकांची बैठक घेऊन त्यांच्या सूचनांना महापालिकेने लेखी उत्तर द्यावे.

– एक वाचक, नागपूर