तापून बिघडलेल्या ‘मर्सो प्रमिए क्रू’च्या बाटल्यांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग,
वाइन आयातदार कंपनी, मुंबई

विषय: ‘मर्सो प्रमिए क्रू, ले शार्म, 2020’, सहा बाटल्यांचे खोके. रक्कम परत मिळणे व साठवणुकीची चौकशी होणे.

महोदय / महोदया,

वरील खोक्यातल्या, फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातल्या मर्सो गावच्या पांढऱ्या वाइनबद्दल आम्ही तोंडी तक्रार केली, तेव्हा ‘मर्सोचा रंग सोनेरीच असतो आणि तळाशी खडे जमणे नैसर्गिक आहे’ असे सांगून आपल्या प्रतिनिधींनी विषय संपवला. तळाचे खडे म्हणजे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे निरुपद्रवी स्फटिक. त्यांबद्दल आम्ही अवाक्षरही काढलेले नाही. आमची तक्रार वाइन तापल्याची आहे.

सहाही बाटल्यांची बुचे काचेच्या कडेपेक्षा 2 ते 3 मिलिमीटर वर आली आहेत. बुचावरच्या वेष्टणावरून बोट फिरवले तरी उंचवटा हाताला लागतो. दोन बाटल्यांचे वेष्टण जागचे हलत नाही, कारण झिरपलेली वाइन त्याखाली वाळून चिकटली आहे. इतक्या तरुण बाटलीत बूच आणि वाइन यांच्यात साधारण 1 ते 2 सेंटिमीटर अंतर असावे; या दोन बाटल्यांत ते 3.5 सेंटिमीटर भरले. तीन बाटल्या उघडल्या, तर तिन्ही बुचांच्या एका बाजूने वाइनचा ओघळ खालपासून वरपर्यंत गेलेला. वाइन तापली की फुगते आणि बूच वर ढकलते. थंड झाली की आकसते आणि त्याच वाटेने हवा आत ओढते.

चवीतही तेच. ले शार्म हा मर्सो गावाच्या दक्षिणेचा, शेजारच्या प्युलिनी गावाच्या हद्दीला लागून असलेला, ‘प्रमिए क्रू’ म्हणजे बरगंडीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या दर्जाचा द्राक्षमळा. तिथल्या शार्दोने द्राक्षाच्या वाइनला लिंबू, भाजलेले हेझलनट आणि लोण्याचा वास असतो, आणि मऊपणाच्या पोटात आंबटपणाची धार असते. आमच्या ग्लासात आले ते शिजवलेले सफरचंद आणि करपट साखर. धार बोथट, शेवट तोकडा. वाइन सुमारे 12 अंशांवर चाखली होती, तेव्हा जास्त गरम वाढल्याचा प्रश्नच नाही.

‘बरगंडीच्या पांढऱ्या वाइनला अकाली ऑक्सिडेशनचा रोगच आहे’ हे उत्तरही येईल, म्हणून आधीच लिहितो. 1990 च्या दशकाच्या मध्यानंतरच्या वाइनमध्ये तो दोष, म्हणजे हवेने वाइन वेळेआधीच बिघडणे, दिसला हे खरे. पण तो बाटलीगणिक वेगळा असतो: एकाच खोक्यात एक बाटली उत्तम, शेजारची मेलेली. शिवाय त्याने बुचे वर येत नाहीत. इथे सहाच्या सहा बुचे वर आहेत आणि उघडलेल्या तिन्ही बाटल्यांची चव सारखीच बिघडलेली आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास नाही, म्हणजे बुचाचा दोषही नव्हे. पूर्ण खोकेच कुठेतरी तापले आहे. शीतकंटेनरची वीज तुटणे, न्हावा शेवा बंदरावर कंटेनर उन्हात उभा राहणे, किंवा शुल्क भरेपर्यंत बाँडेड गोदामात माल वातानुकूलनाविना पडून राहणे, या तीन जागा आपण तपासाव्यात. त्यासाठी बाटलीवरचा लॉट क्रमांक (एकत्र भरलेल्या बाटल्यांच्या गटाचा क्रमांक) लागेल, आणि आपले आयातीचे स्टिकर नेमके त्यावरच चिकटवलेले आहे!

आणखी एक बाब. आपल्या दरपत्रकात हीच वाइन ‘मर्सो ग्रां क्रू’ म्हणून छापली आहे. ग्रां क्रू हा बरगंडीतला मळ्यांचा सर्वोच्च दर्जा, आणि मर्सोला एकही ग्रां क्रू नाही; पेरिएर, जनव्रिएर, शार्म हे तिथले नावाजलेले मळेसुद्धा प्रमिए क्रू आहेत. मोंराशे आणि बातार-मोंराशे हे ग्रां क्रू शेजारच्या प्युलिनी व शासान्य गावांचे. बाटलीवर बरोबर छापलेले असताना दरपत्रकात दर्जा एक पायरी वर चढवणे ही ग्राहकांची दिशाभूल आहे. ते तातडीने दुरुस्त करावे.

आमची मागणी अशी: सहाही बाटल्यांची पूर्ण रक्कम परत मिळावी. बदली बाटल्या त्याच लॉटमधून देऊ नयेत, आणि तो लॉट तपासणी होईपर्यंत विक्रीतून काढून घ्यावा. फ्रान्सहून निघाल्यापासून आपल्या गोदामापर्यंतच्या तापमानाच्या नोंदींची प्रत द्यावी. तीन न उघडलेल्या बाटल्या, तिन्ही बुचे आणि उघडलेल्या एका बाटलीतली उरलेली वाइन आम्ही फ्रिजमध्ये जपून ठेवली आहे. आपला माणूस पाठवून त्या पाहाव्यात. मात्र त्या आमच्यासमोरच सीलबंद करून न्याव्यात.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

सोबत: बिलाची प्रत, बुचांची व बाटल्यांच्या मानेची पट्टी लावून काढलेली छायाचित्रे, दरपत्रकाचे पान.

आपले,
खोक्याचे खरेदीदार ग्राहक