तुझ्या निर्णयाबद्दल

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

पोहण्याच्या स्पर्धा यापुढे करणार नाही, असे तू परवा फोनवर सांगितलेस आणि मी ‘बघू’ एवढेच म्हणून फोन आईकडे दिला. तेव्हापासून मला अलिसा लिऊ या फिगर स्केटिंगपटूची सारखी आठवण येते आहे.

कॅलिफोर्नियातली ही मुलगी २०१९ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली. चौथऱ्याची वरची पायरी तिला इतकी उंच होती की दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या मुलींनी हात देऊन तिला वर घेतले. पुढच्या वर्षीही तीच जिंकली. मग २०२२ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक, लगेच जागतिक स्पर्धेत कांस्यपदक आणि एप्रिलमध्ये, सोळाव्या वर्षी, निवृत्ती.

तिला पाचव्या वर्षी बर्फावर नेले ते तिच्या वडिलांनी, आर्थर लिऊ यांनी. प्रशिक्षक कोण असावा हेही तेच ठरवत. मुलीच्या खेळात बाप किती खोल उतरतो, हे मला कोणी समजावून सांगायला नको. पहाटे साडेचारला तुला तलावावर सोडताना तुझ्या वेळेचा प्रत्येक सेकंद मी स्वतःचाच समजत आलो, हे आज कबूल करतो.

निवृत्तीनंतर अलिसा एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत चालत गेली आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकू लागली. २०२४ च्या आरंभी बर्फात स्कीइंग करताना तिला जुना थरार आठवला आणि ती आपणहून परतली. मात्र संगीत, पोशाख आणि सराव किती करायचा हे आता तीच ठरवणार होती. मार्च २०२५ मध्ये बॉस्टनला २२२.९७ गुण मिळवून, सलग तीन वर्षे विजेती ठरलेल्या जपानच्या काओरी साकामोतोला मागे टाकून ती जगज्जेती झाली. २००६ नंतर अमेरिकेच्या एकाही महिलेला ते जमले नव्हते.

तूही परतशील, या आशेने हे लिहितो आहे असे समजू नकोस. ती कधीच परतली नसती, तरी तिचा एप्रिल २०२२ चा निर्णय तितकाच योग्य ठरला असता, असे मला मनापासून वाटते. ‘बघू’ म्हणताना मात्र मला हे सुचले नाही.

तुझे गॉगल, टोप्या आणि पदके कपाटात आहेत. त्यांचे काय करायचे ते सवडीने कळव.

तुझा,
बाबा