ल्युकेमियाच्या ताज्या पेशींसाठी परळमध्ये एक खोली द्या: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात, उपचारानंतर रोग पुन्हा उद्भवायला कारण ठरणाऱ्या मूळपेशी ऊर्जेसाठी मुख्यतः मायटोकॉन्ड्रियावर (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागावर) विसंबतात. म्हणून मायटोकॉन्ड्रिया रोखणाऱ्या औषधांवर आमची मोठी आशा आहे. पण मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीचे (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीचे) पहिले कॉम्प्लेक्स बंद करणारे आयएसीएस-०१०७५९ हे औषध रुग्णांना दिले तेव्हा रक्तात लॅक्टेट साचले, नसांना इजा झाली आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. निरोगी पेशींनाही मायटोकॉन्ड्रिया लागतोच. त्यामुळे कोणत्या रुग्णाच्या पेशी कमी मात्रेत मरतात, हे आधी कळायला हवे.

नेमकी इथेच प्रयोगशाळा फसवते. पेशी वाढवण्याच्या नेहमीच्या आरपीएमआय-१६४० या द्रव माध्यमात लिटरला २ ग्रॅम ग्लुकोज असते. उपाशीपोटी रक्तात १ ग्रॅमही नसते. एवढ्या साखरेवर पेशी मायटोकॉन्ड्रियाविना तगतात आणि चांगले औषध निकामी ठरते. माध्यमात पायरुवेट आणि युरिडिन (मायटोकॉन्ड्रिया बंद असतानाही पेशींना तगवणारे पदार्थ) असले तर आणखीच. उलट, जिवंत पेशी एटीपी (पेशीतला ऊर्जेचा रेणू) मोजणाऱ्या किटने मोजल्या तर एटीपी नुसते घटले तरी पेशी मेल्यासारख्या दिसतात. म्हणून अ‍ॅनेक्सिन-व्ही (मरणाऱ्या पेशीला चिकटणारे प्रथिन) लावून फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेसरने तपासणे) करावीच लागते.

दुसरी अडचण नमुन्याची. अस्थिमज्जा हेपॅरिनच्या (गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत घेऊन त्याच दिवशी फायकोलवर (पेशींचे थर वेगळे करणाऱ्या द्रवावर) ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट) वेगाने सेंट्रिफ्यूजमध्ये ३० मिनिटे फिरवायची, ब्रेक बंद ठेवून. नाहीतर थर ढवळले जातात. गोठवलेल्या नमुन्यात वितळवताना बऱ्याच पेशी मरतात आणि ऑक्सिजन-वापराचे आकडे बिघडतात. टाटाच्या खारघर इथल्या संशोधन केंद्रापर्यंतच्या वाहतुकीत, त्यातून पावसाळ्यात, हे तास हातचे जातात.

परळमध्ये केईएम, टाटा आणि राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणून ताजे नमुने हाताळण्याची खोली इथेच हवी. पण पहिले महापालिकेचे, दुसरे अणुऊर्जा विभागाचे, तिसरी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची). नैतिक समितीची मंजुरी आणि संमतीपत्र प्रत्येकाचे वेगळे. हा गुंता संशोधकांच्या पातळीवर सुटणारा नाही. आपण तिघांना एका टेबलाशी बसवावे, राज्याच्या जे. जे. रुग्णालयालाही सोबत घ्यावे आणि मराठी-हिंदीतले एकच संमतीपत्र ठरवून घ्यावे.

खोलीत बायोसेफ्टी कॅबिनेट, सेंट्रिफ्यूज, ऑक्सिजन ३ टक्क्यांपर्यंत उतरवता येणारा इन्क्युबेटर आणि पाळीने काम करणारे दोन कायम तंत्रज्ञ हवेत. महागडे यंत्र नंतर घेता येईल. मात्र रसायनांसाठी दरवर्षीची तरतूद पहिल्याच आदेशात असावी. किटची मुदत संपते आणि निविदा निघेपर्यंत काम बंद पडते.

आपले,
रक्तविज्ञान व पेशीजीवशास्त्रातील संशोधक, मुंबई