‘हे तर कोणालाही सुचले असते’

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मोबाइल आणि टीव्हीच्या पडद्यांच्या पेटंटवरून मोठ्या कंपन्यांत चाललेल्या तंट्यांच्या बातम्या आपल्या अर्थविषयक पानावर अधूनमधून येतात. भरपाई किती मागितली, निकाल कोणाच्या बाजूने लागला, हे त्यांत असते. भांडण नेमके कशावरून होते, हे मात्र बहुधा नसते. ते पुष्कळदा एकाच प्रश्नाभोवती फिरते : रचना नवी असेलही, पण त्या विषयातल्या साध्या जाणकाराला ती सहज सुचली नसती का? सुचली असती, तर पेटंट मिळत नाही आणि मिळालेले असले तरी रद्द होते.

मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर एक माजी विद्यार्थिनी पेटंटच्या कामात शिरली आणि तिच्यामुळे ओएलईडी पडद्यांचे, म्हणजे वीज सोडली की स्वतः उजळणाऱ्या सेंद्रिय पदार्थांच्या पडद्यांचे, पेटंट-अर्ज वाचायची सवय मला लागली. त्या वाचनातून झालेले एक मत आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरे असतात. उत्तर पाहून गणित सोडवणाऱ्या मुलाला प्रत्येक पायरी सोपी वाटते. पेटंट तपासणाऱ्याची अडचण हीच आहे, कारण अर्ज हातात पडतो तेव्हा उत्तर त्याच्यासमोर लिहिलेलेच असते. ते विसरून, अर्जाच्या तारखेला जग जेथे होते तेथे जाऊन बसायचे आणि मग ठरवायचे, हे काम सोपे नाही.

ओएलईडीच्या जन्माचेच उदाहरण घ्या. सेंद्रिय पदार्थातून वीज सोडली की प्रकाश निघतो, हे न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली अँथ्रासीनच्या स्फटिकावर दाखवले होते. त्याला शेकडो व्होल्ट लागत, त्यामुळे व्यवहारात उपयोग शून्य. पुढे १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी एका जाड स्फटिकाऐवजी दोन अतिशय पातळ थर एकावर एक चढवले. एका थराने ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, वाहून आणायच्या. दुसऱ्याने इलेक्ट्रॉन आणायचे. दोघांची गाठ मधल्या सीमेजवळ पडावी आणि तेथे प्रकाश व्हावा. दहा व्होल्टहून कमी दाबावर तो पदार्थ लख्ख उजळला. आज हे वर्गात सांगितले की मुले म्हणतात, ‘सर, दोन कामे होती म्हणून दोन थर केले, त्यात काय विशेष?’ विशेष हे की मध्ये चोवीस वर्षे गेली. साहित्य होते, गरज होती, हुशार माणसेही होती. एवढ्या काळात जे कोणी केले नाही, ते ‘सहज सुचण्याजोगे’ होते असे म्हणणाऱ्याने आधी त्या चोवीस वर्षांचा हिशेब द्यावा.

याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या गाडीच्या पेडलच्या खटल्यात सांगितले की सामान्य जाणकार म्हणजे यंत्र नव्हे, त्यालाही थोडी कल्पकता असते. दोन जुन्या गोष्टी एकत्र करा असे कोठे लिहिलेले सापडले नाही, एवढ्यावरून ती जोडणी पेटंटयोग्य ठरत नाही. मोजकेच ज्ञात पर्याय असतील आणि त्यांचा परिणाम आधी सांगता येण्याजोगा असेल, तर ते करून पाहणे ही रोजची कारागिरी झाली. मला हा निकाल योग्य वाटतो. त्यातल्या ‘परिणाम आधी सांगता येण्याजोगा’ या शब्दांकडे मात्र बारकाईने पाहायला हवे, कारण ओएलईडीत दोन अगदी वेगळी शास्त्रे एकाच काचेवर नांदतात.

पहिले शास्त्र मंडलाचे, म्हणजे सर्किटचे. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका विद्युतप्रवाहावर उजळतो. प्रवाह किंचित बदलला की उजेड बदलतो. हा प्रवाह सोडणारे बारीक ट्रान्झिस्टर सगळे हुबेहूब सारखे बनत नाहीत. त्यामुळे एकाच रंगाच्या पडद्यावर ढगाळ डाग दिसू लागतात. म्हणून एका ठिपक्यामागे दोन ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर अशी साधी रचना सोडून पाच, सहा, सात ट्रान्झिस्टरांच्या रचना आल्या, ज्या हा फरक भरून काढतात. असले मंडल कागदावर मांडता येते, संगणकावर चालवून बघता येते, चालेल की नाही ते बरेचसे आधी कळते. त्यामुळे एखाद्या अर्जदाराने ठाऊक असलेल्या मंडलातला एक ट्रान्झिस्टर इकडून तिकडे नेला आणि परिणाम अपेक्षेप्रमाणेच आला, तर परीक्षकाने आक्षेप घ्यावा. खुशाल घ्यावा.

दुसरे शास्त्र रेणूंचे, आणि तेथे माझा जीव अडकला आहे. रेणूतल्या अणूंच्या वलयातला एक नायट्रोजन एक घर सरकवला की रंग बदलतो, उजेड मंदावतो, आयुष्य घटते. कधी उलट होऊन सगळेच सुधारते. विजेने उत्तेजित झालेल्या रेणूंपैकी साधारण पाव भागच साध्या फ्लुओरेसंट पदार्थात प्रकाश देऊ शकतो. उरलेल्या पाऊण भागाचाही उपयोग करून घेण्याची वाट मार्क बाल्डो, स्टीफन फॉरेस्ट, मार्क थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये जड धातूंच्या फॉस्फोरेसंट संयुगांनी उघडली. लाल आणि हिरव्या रंगाला ती लागू पडली. निळा मात्र हट्टी निघाला. तितकाच कार्यक्षम आणि तितकाच टिकाऊ निळा मिळवण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा दोन दशकांहून अधिक काळ झटत आहेत. धातू ठाऊक, वलये ठाऊक, मोजण्याची साधने हाताशी; तरी हे घडते. मग एखाद्या निळ्या रेणूच्या अर्जावर ‘ज्ञात रचनेतील किरकोळ बदल, सहज सुचण्याजोगा’ असा शेरा मारण्यापूर्वी तपासणाऱ्याने स्वतःला विचारावे की बदलाचा परिणाम त्या तारखेला कोणी सांगू शकला असता का.

अर्थात रेणूंच्या क्षेत्रातही अर्जदाराला मोकळे रान नाही. २०१७ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट या पेटंटची अपिले ऐकणाऱ्या न्यायालयात लागलेला इदेमित्सु कोसान विरुद्ध एसएफसी हा निकाल माझ्या विद्यार्थिनीने मला वाचायला दिला, आणि तो मी दोनदा वाचला. इदेमित्सु ही जपानी कंपनी. तिचे पेटंट असे की प्रकाश देणाऱ्या थरात अमुक प्रकारचे अॅरिलअमाइन आणि अमुक प्रकारचे अँथ्रासीन संयुग एकत्र वापरायचे. एसएफसी या कोरियन कंपनीने त्याला अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या मंडळापुढे आव्हान दिले. आधीच्या एका प्रकाशित दस्तऐवजात होल वाहणारी संयुगे आणि प्रकाश देणारी संयुगे एकत्र करावीत असे आलेलेच होते. इदेमित्सुचे म्हणणे होते की तो दस्तऐवज ठरावीक ऊर्जा-अंतराचे (रेणूतल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर नेण्यास लागणाऱ्या ऊर्जेचे) नाते पाळणाऱ्याच जोड्या वापरायला सांगतो, म्हणजे आमच्या जोडीपासून वाचकाला दूरच नेतो. युक्तिवाद ऐकायला भक्कम. न्यायालयाने एवढेच पाहिले की पेटंटच्या दाव्यात, म्हणजे हक्काची हद्द आखणाऱ्या भागात, ऊर्जा-अंतराचा उल्लेखच नाही. दावा केला होता तो पदार्थांच्या जोडीवर, मग ऊर्जा-अंतर काहीही असो. जे दाव्यात लिहिले नाही, त्याच्या आधाराने दावा वाचवता येत नाही. मंडळाने पेटंटविरुद्ध दिलेला निर्णय कायम राहिला.

प्रयोगवहीत निरीक्षण न लिहिता तोंडी उत्तरे देणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगत आलो. आपल्या शोधातले मर्म कशात आहे हे अर्जदाराने दाव्यातच मांडायला हवे, आणि तुलनेचे प्रयोगही अर्जातच द्यायला हवेत.

आता आपल्याकडे. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम २(१)(जेए) सांगते की शोधात आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवे, किंवा दोन्ही. शिवाय जाणकाराला तो सहज सुचण्याजोगा नसावा. या कसोटीवरचा आपला सर्वांत उद्धृत होणारा निकाल पडद्यांचा नाही, भांड्यांचा आहे. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांमधला तो वाद, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. लेथवर भांडे धरून फिरवण्याच्या युक्तीचे पेटंट होते. लेथवर काम करणाऱ्यांना ते तत्त्व आधीपासूनच माहीत होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ते पेटंट टिकू दिले नाही. कारखान्यातली नित्याची सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हे त्या निकालाने पक्के केले. पितळेच्या भांड्याला लावलेली ही फूटपट्टी काही नॅनोमीटरच्या थराला लावताना ‘कारखान्यातला कारागीर’ कोण, हे नव्याने ठरवावे लागते. ओएलईडीच्या बाबतीत तो एकटा माणूस नसतोच. रसायनज्ञ, पदार्थवैज्ञानिक आणि मंडल आखणारा असा तो चमू असतो.

रेणूंसाठी आपल्याकडे कलम ३(डी) आणखी आडवे येते. ज्ञात पदार्थाचे नुसते नवे रूप, परिणामकारकता वाढली नसेल तर, शोध ठरत नाही. नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने औषधाबाबत परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता, हे सांगितले. तसेच वस्तूकडून जो परिणाम अपेक्षित आहे त्यानुसार कसोटी बदलेल, हेही सांगितले. प्रकाश देणाऱ्या रेणूकडून अपेक्षा काय? उजेड, रंगाची शुद्धता, टिकण्याचे तास. यांतले काय आणि किती मोजायचे याची आखणी आपल्याकडे आताच व्हावी, तंटे न्यायालयात जाऊन पडण्याआधी.

माझे मागणे मात्र याहून साधे आहे. ‘सहज सुचण्याजोगे’ असे ज्या आदेशात लिहिले जाईल, त्या आदेशात ‘का’ हेही लिहिलेले असावे. दिल्ली उच्च न्यायालयाने अॅग्रीबोर्ड प्रकरणात २०२२ साली हेच बजावले : आधीचे ज्ञान काय होते, अर्जातला शोध काय आहे, आणि पहिल्यावरून दुसरे जाणकाराला कसे सुचले असते, या तिन्हींचा ऊहापोह केल्याशिवाय अर्ज फेटाळता येत नाही. दोन जुने दस्तऐवज शेजारी ठेवून ‘हे दोन मिळून तुमचा शोध होतो’ म्हणणे म्हणजे मागचे उत्तर पाहून गणित सोडवणे. जाणकाराने हेच दोन दस्तऐवज का उचलले असते? शेकडो संयुगांतून हीच जोडी का? याचे उत्तर चार ओळींत देता आले, तर अर्ज जरूर फेटाळावा. अर्जदारालाही आपण कोठे कमी पडलो ते कळेल. मंजुरीच्या आदेशांनाही हाच नियम लावावा. कमकुवत पेटंट वीस वर्षे दुसऱ्याची वाट अडवते, आणि पडदे बनवू पाहणाऱ्या आपल्याकडच्या नव्या उद्योगाला ते परवडणार नाही.

परीक्षकांचे प्रशिक्षण नागपूरच्या राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत होते. त्याच शहरात आणि विदर्भात इतरत्र प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर संशोधन करणारे प्राध्यापक आहेत. नव्या परीक्षकांना चार दिवस अशा प्रयोगशाळेत बसवावे. एक थर चढवताना, एक रेणू शुद्ध करताना किती वेळा हात पोळतात हे त्यांनी पाहावे.

प्राध्यापकांचेही काम आहे. कलम २५(१) नुसार पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. प्रसिद्ध झालेले अर्ज पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात दर शुक्रवारी फुकट पाहायला मिळतात. आपल्या विद्यापीठांच्या कपाटांतले पीएच.डी.चे प्रबंध हेही आधीचे ज्ञानच आहे, पण ते परीक्षकापुढे आणून ठेवणारे कोणी लागते. २०२४ च्या नियमांनी या हरकतीला शुल्क लावले, हे मला पटलेले नाही. निराधार हरकतींना आळा बसेल हे मान्य, पण स्वतःच्या वेळात सार्वजनिक काम करणाऱ्या शिक्षकाकडून पैसे घेऊ नयेत.

शेवटी आपल्याला एक विनंती. यापुढे पेटंटच्या वादाची बातमी छापाल तेव्हा पेटंटच्या मथळ्याऐवजी त्याच्या पहिल्या दाव्याचा मराठीत आशय द्यावा. चार-पाच ओळी लागतील. मथळ्यात नुसते ‘सेंद्रिय प्रकाशदायी उपकरण’ असते, आणि त्यावरून वाचकाला काहीच ठरवता येत नाही.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक, नागपूर