ऑपरेशनची तारीख देता, तशी थैलीची यादीही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कापसाच्या वेचणीचा जोर ओसरला की आमच्या घाटंजी तालुक्यात ऑपरेशनांचा हंगाम सुरू होतो. हर्निया, पित्ताचे खडे, गर्भपिशवी, मोतीबिंदू. मृगापासून अंगावर काढलेली दुखणी माणसं माघापर्यंत ढकलतात, कारण त्याआधी हातात पैसा नसतो आणि घरात सवडही नसते. मी अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई. लिहितावाचता येतं, नागपूर-सेवाग्रामच्या वाटा माहीत आहेत, मुलं आपापल्या संसारात. त्यामुळे गावात कोणाला तारीख मिळाली की "काकू, सोबतीले येसान का?" असा निरोप येतोच.

तारीख देताना दवाखान्यातून तपासण्यांची चिठ्ठी मिळते: रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे. सुटी होताना गोळ्यांचा कागद मिळतो. पण भरती व्हायला येताना सोबत काय आणायचं, हे कोणीच सांगत नाही. मग आदल्या रात्री घरचे भीतीपोटी थैली भरतात. चिवडा, लाडू, अंगारा, पाव्हण्यांपुढं बरी दिसावी म्हणून नवी साडी. वॉर्डात पोचल्यावर कळतं, साबण नाही आणि पाण्याचा मग नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर पेशंटला आधी घोटभर पाणी, मग पातळ पेज. चिवडा भेटीला येणारेच संपवतात.

सगळ्यात आधी कागद. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेला आमच्याकडे अजून 'जीवनदायी'च म्हणतात. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावानं अमरावती-गडचिरोलीत आली, तेव्हाचं नाव तोंडात बसलं ते बसलं. १ जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू झाली, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे मोफत उपचार. एवढं पेपरात येतं. पेपरात येत नाही ते असं, की आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो मोबाइल असतो पुण्याला, कंपनीत कामाला गेलेल्या पोराजवळ. पोरगा शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये, इकडे बाप बाकावर ताटकळत. अंगठा लावावा म्हटलं तर वेचणी-निंदणानं झिजलेल्या बोटांचा ठसा मशीन घेत नाही. रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं, हे तर सर्रास. म्हणून हे सगळं आठवडाभर आधी गावातच पाहून घ्यावं. योजनेत जेवण आणि परतीचं एसटीभाडंही धरलेलं असतं, पण विचारल्याशिवाय कळत नाही. दवाखान्यात योजनेचं काम पाहणारा माणूस असतो, त्या आरोग्यमित्राला विचारावं. योजनेचा १५५३८८ हा नंबर कागदावर लिहून घ्यावा. घरच्यांचे नंबरही कागदावरच, कारण फोन नेमका नको तेव्हा बंद पडतो.

बीपी-शुगरच्या गोळ्या डबीत ओतून आणू नका, पाकिटासकट आणा. "सकायची पांढरी गोई" एवढ्यावरून भूल देणाऱ्या डॉक्टरांना काय कळणार?

कपड्यांचं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पोटाला टाके पडले की सायाचा नाडा नेमका त्या जागेवर येतो. दोन ढगळ गाऊन घ्यावे, समोरून बटणं असलेले, म्हणजे हाताला सलाईन असली तरी घालता-काढता येतात. पुरुषांनी पॅंटचा हट्ट सोडून लुंगी घ्यावी. लघवीची नळी असली तर लुंगीचाच उपयोग. चप्पल न वाकता पायात सरकेल अशी हवी, पण गुळगुळीत झालेली नको. संडासाकडची फरशी कायम ओली असते. कवळी असेल तर तिला झाकणाची डबी हवी, कागदात गुंडाळलेली कवळी कचऱ्यात जाते.

दागिने घरीच काढून यावं. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात, अंगावर धातू राहिला तर तिथं भाजू शकतं. बोटं सुजली की जोडवी रुततात. नखपॉलिशही नको, बोटाला लावतात त्या चिमट्याला रंगामुळे ऑक्सिजनचा आकडा नीट दाखवता येत नाही. हे सगळं समजावून सांगितलं तरी काळी पोत काढताना बाई रडते. घरी, देवापुढं, सासूच्या हातानं काढली तर तेवढं लागत नाही. थिएटरच्या दारात परक्या माणसानं "चला, लवकर काढा" म्हटल्यावर लागतं. शिवाय तिथं काढलेली पोत रात्रभर सोबतीणीच्या कमरेला, तिच्या डोळ्याला डोळा नाही.

आणि या सोबतीणीसाठी थैलीत काय असतं? काही नाही. जनरल वॉर्डात रात्री पेशंटला कूस बदलायला मदत करणारी, सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारणारी, लघवीचं भांडं देणारी तीच असते. बायांच्या वॉर्डात रात्री गडीमाणसाला थांबू देत नाहीत, म्हणजे सासू, नणंद, नाहीतर माझ्यासारखी कोणी. पौषातल्या रात्री नागपूरच्या फरशीवर नुसत्या चादरीवर निजून पाहा. चटई आणि एक जुनी वाकळ ही चैन नाही. बकेट-मग, थर्मास, स्टीलचा गिलास, चमचा, वाकणारी नळी (पडल्यापडल्या पाणी पाजायला), लांब वायरचा चार्जर. डासांची अगरबत्ती वॉर्डात लावू देत नाहीत, तेव्हा अंगाला लावायचं मलम. आणि सोबतीणीच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या. सुनेची काळजी घ्यायला आलेली सासू तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडते, ती गोळ्या घरीच राहिल्यामुळे.

एवढं सगळं म्हटलं तरी थैली एकच असावी, खाटेखाली सरकेल अशी. एका दवाखान्यात, नाव नको, सकाळच्या राउंडआधी पोछा मारताना खाटांखालच्या सगळ्या थैल्या उचलून व्हरांड्यात टाकल्या. त्यात एकीचे सगळे रिपोर्ट होते. सापडले दुपारी, तोवर मोठे डॉक्टर येऊन गेले होते. तेव्हापासून मी कागदांची वेगळी कापडी पिशवी करायला लावते. ती खांद्यावरून उतरत नाही, निजतानाही उशाखाली.

उशीवरून आठवलं. एक लहान उशी न्यावीच. ऑपरेशननंतर खोकला आला की ती पोटावर दाबून धरायची, टाक्यांवर ताण कमी येतो. परतताना एसटीत मागच्या सीटवर बसू नये, पुढं बसावं आणि उशी तशीच धरावी. नागपूर-यवतमाळ रस्ता बरा आहे, खरं हाल होतात ते तालुक्यापासून गावापर्यंत. सुटीचा कागद याच कापडी पिशवीत जपावा. योजनेत सुटीनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी धरलेली असते, त्या वेळी तो लागतो.

आता खर्ऱ्याचं, म्हणजे पन्नीत चोळून खातात त्या तंबाखू-सुपारीचं. थैलीत नसतो, खिशात असतो, पेशंटच्याही आणि भेटीला आलेल्या भाऊबंदांच्याही. तंबाखूनं जखम उशिरा भरते हे डॉक्टर सांगतात आणि पेशंट मान हलवतो. भूल देताना तोंडात सुपारीचा बारीक तुकडा राहिला तर तो श्वासनळीत जाऊ शकतो, हे सांगितलं की जरा घाबरतो. पण चवथ्या दिवशी बरं वाटलं की साळाच पन्नी चोळत खाटेजवळ उभा! नातेवाइकांना गेटवरच झडती द्यावी लागली तरी माझी हरकत नाही.

दवाखान्यांना माझी विनंती साधी आहे. तारखेच्या चिठ्ठीची मागची बाजू कोरीच असते. तिथं मराठीत यादी छापा, एका बाजूला पेशंटचं सामान, दुसऱ्या बाजूला सोबतीचं. तीच यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ठेवा, म्हणजे नावं जुळवणं आणि ओटीपीचा मोबाइल गावातच निस्तरता येईल. अक्षर मोठं असावं, थैली भरणारी बहुतेक सासूच असते. आमच्याकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी चित्रं काढा. त्यात खर्ऱ्याच्या पन्नीवर फुली मारलेलं चित्र सगळ्यात वर घ्या.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ