क्रूझवाल्यांनो, रात्री डावीकडे जे लुकलुकतं त्याचं नाव तरी सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

या डिसेंबरात आईची पंच्याहत्तरी म्हणून तिला मुंबई-गोवा क्रूझने न्यायचं ठरवलंय आणि तयारी करताना जे लक्षात आलं ते लिहितेय, कारण आपल्या पेपरात क्रूझबद्दल जे काही छापून येतं त्यात स्विमिंग पूल, बुफे, रात्रीचे शो, कॅसिनो सगळं असतं पण जहाज ज्या किनाऱ्यावरून जातं त्या किनाऱ्याबद्दल एक ओळ नसते. जणू जहाज रात्रभर कुठल्यातरी रिकाम्या पाण्यातून चाललंय. अहो ते अख्ख्या कोकणाच्या समोरून चाललंय!

आईचं माहेर देवगडकडचं. लहानपणी मे महिन्यात ही मंडळी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीत बसायची, डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची, आणि मग हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असं करत करत देवगड. बंदराला बोट लागायची नाही, बाहेर नांगर टाकायची आणि तिथून पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं, पोरांना वरून खाली अलगद हातात द्यायचे. आईला यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं तर किनाऱ्यावरच्या दीपगृहांचे दिवे. तिची आजी रात्री तिला हलवून उठवायची, "उठ गो, रत्नांग्रीची बत्ती इली बघ." आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं पण कुठला दिवा किती वेळाने डोळा मिटतो हे पाठ होतं, त्यावरून ती गाव अजून किती लांब ते सांगायची. म्हणून आईला पंच्याहत्तरीला काय हवं विचारलं तर साडी नको, जेवणावळ नको, म्हणाली मला ते दिवे परत समुद्रातून बघायचेत.

मग मी बुकिंगसाठी फोन केला. पलीकडच्या मुलीला विचारलं की जहाजावरून कुठली दीपगृहं दिसतात, साधारण किती वाजता, आणि कुठल्या बाजूची केबिन घेऊ. ती छान बोलत होती बिचारी, पण तिच्याकडे काहीच माहिती नव्हती, "मॅडम सी व्ह्यू मिळेल" एवढंच. तिचा दोष नाही, तिला कोणी सांगितलेलंच नाही. शेवटी मी मुलाचा शाळेचा अ‍ॅटलस काढला आणि स्वतः हिशोब केला, तो इथे देते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, आणि आपला किनारा जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण आहे त्यामुळे हिशोब सोपा पडतो. मुंबई १९ अंशांच्या किंचित खाली, रत्नागिरी १७ वर, देवगड साधारण १६.४, आणि गोव्याचं आग्वाद साडेपंधरा. म्हणजे मुंबई ते आग्वाद साडेतीन अंश, २१० मैलांच्या आसपास, अधिक बंदरातून बाहेर पडायचे थोडे. जहाज ताशी १५ मैलांनी चाललं तर १४-१५ तास. समजा संध्याकाळी पाचला सुटलं तर बंदरातून बाहेर पडताना कुलाब्याच्या टोकाजवळचं प्राँग्ज दीपगृह, ते १८७५ चं, खडकावर भर पाण्यात उभं आहे. मग अंधार पडता पडता खांदेरी बेटावरचं. रत्नागिरी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला, देवगड साडेतीनच्या आसपास, पहाटे वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरचा दिवा, आणि उजाडताना आग्वाद. सुटायची वेळ आणि वेग बदलला की हे सगळं पुढेमागे होणार, पण अंदाज येतो.

आता यात महत्त्वाची गोष्ट अशी की जाताना किनारा डाव्या हाताला असतो आणि येताना उजव्या, म्हणजे बाल्कनीवाली केबिन घेताना जायचं तिकीट असेल तर डावी बाजूच मागा, नाहीतर जास्तीचे पैसे भरून रात्रभर अरबी समुद्राचा काळोख बघत बसाल. केबिन नसेल तरी हरकत नाही, वरच्या डेकवर डावीकडचा कठडा सगळ्यांचा असतो. अमावास्येच्या जवळची तारीख मिळाली तर उत्तम. आणि पाऊस संपल्यावरचे महिने बरे, हवा धुतलेली असते, एप्रिल-मेमध्ये क्षितिजावर धुरकट असतं.

दुसरं असं की जहाज किनाऱ्यापासून बरंच लांबून जातं, त्यामुळे रात्री झाडं, घरं, देवळं काही म्हणजे काही दिसत नाही. दिसतात ते फक्त हे दिवे, मोठ्या दिव्यांचा पल्ला २० सागरी मैलांच्या आसपास असतो म्हणजे ३५-३७ किलोमीटर, आणि दिवा डोंगरावर आणि आपण उंच डेकवर असलो की पृथ्वीच्या गोलाईवरूनही तो नजरेत येतो. म्हणजे क्रूझवरून रात्रीचं कोकण जे दिसतं ते एवढंच. आणि तेवढंही कोणी दाखवत नाही.

प्रत्येक दिव्याची सही वेगळी असते. एक दहा सेकंदांत एकदा चमकेल, दुसरा लागोपाठ दोनदा चमकून थांबेल, खलाशी घड्याळ लावून मोजतात आणि मग नकाशावर बघून सांगतात की हा अमुक. दिवसा ओळखायला मनोऱ्यावर रंगांचे पट्टे असतात. हे इतकं मजेशीर आहे की दहा वर्षांच्या पोराच्या हातात घड्याळ दिलं तर तो मोबाईल बाजूला ठेवून मोजत बसेल, माझ्या मुलाने घरातच टॉर्चने सुरू केलंय. एक मात्र सांगायला हवं, हल्ली समुद्रात रात्री मासेमारीचे एलईडी दिवे फार दिसतात, तशा मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे तरी, आणि नवख्या माणसाला वाटतं तेच दीपगृह. ते सलग पांढरेफटक जळत राहतात, दीपगृह मिटतं आणि उघडतं.

खांदेरीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण ते बहुतेक जण खोलीत सामान लावत असताना मागे पडून जातं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्यांकडून इंग्रजांच्या नाकासमोर या बेटावर किल्ला बांधून घेतला, इंग्रजांची जहाजं अडवायला आली तरी काम थांबलं नाही. त्याच बेटावर पुढे १८६७ मध्ये इंग्रजांनी दीपगृह बांधलं, आणि आता बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले त्यात खांदेरी आहे, आणि सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग पण आहेत. म्हणजे जागतिक वारशाचे चार किल्ले या एका रात्रीच्या वाटेवर आहेत आणि जहाजावर त्याची साधी अनाउन्समेंट नाही, डिनरची मात्र तीनदा होते असं जाऊन आलेल्या मैत्रिणीने सांगितलं.

खांदेरीच्या अलीकडे रेवसच्या वाटेवर काशाचा खडक आहे. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट तिथेच बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आईच्या पिढीला हे नाव अजून ऐकवत नाही. किनाऱ्यावरचे हे दिवे त्या काळच्या माणसांना किती आधार वाटत असतील ते मला या एका नावावरून कळलं.

आमचा बेत असा आहे की जाताना समुद्रातून दिवे बघायचे, गोव्याला उतरायचं (एका बाजूचं तिकीट मिळतं का, मुरगाव बंदरात उतरू देतात का हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या, प्रत्येक फेरीचं वेगळं असतं) आणि परत येताना गाडीने तेच दिवे जमिनीवरून बघायचे. आग्वादचं जुनं दीपगृह १८६४ चं, ते १९७६ मध्ये बंद झालं आणि शेजारी नवं आलं. मग देवगडचं, किल्ल्यातलं, १९१५ चं. मग रत्नागिरीचं, भगवती किल्ल्याच्या डोंगराच्या टोकावर. जमलं तर शेवटी रेवदंड्याजवळचं कोर्लई, तिथल्या गावात अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, मला ती एकदा कानांनी ऐकायचीय. आईचे गुडघे वर चढायला देणार नाहीत, ती खाली बसेल, मी वर जाऊन तिला हात दाखवेन असं ठरलंय.

पण इथेच माझी भीती आहे. गेल्या फेब्रुवारीत आम्ही कोकणातल्या एका दीपगृहावर गेलो होतो. बोर्डावर संध्याकाळची दोन तासांची वेळ लिहिलेली, आम्ही त्या वेळेत पोचलो, रिक्षाने चढावर तीनशे रुपये गेले, आणि गेटला कुलूप. बोर्डावरचा फोन लागला नाही. आई पाऊण तास कट्ट्यावर बसून होती, मग एक माणूस आतून येऊन म्हणाला आज बंद आहे. का बंद, उद्या उघडं का, काही नाही. देशातल्या ७५ दीपगृहांवर पर्यटकांसाठी सोयी करून २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांचं लोकार्पण झालं, ही चांगलीच गोष्ट आहे, पण बाग आणि सेल्फी पॉइंट नसला तरी चालेल हो, गेट उघडं हवं. कुठलं दीपगृह कुठल्या दिवशी किती ते किती उघडं हे मराठीत, एका ठिकाणी, रोजच्या रोज खरं असं मिळालं पाहिजे. या दिव्यांचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांकडून दिव्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून निघतो, म्हणजे क्रूझही त्यात भर घालते, मग क्रूझच्या प्रवाशाला त्याची माहिती द्यायला काय अडचण आहे?

क्रूझ कंपन्यांकडे मागणं फार मोठं नाही. केबिनमध्ये एक कार्ड ठेवा, एका बाजूला किनाऱ्याचा नकाशा, त्यावर दिव्यांची नावं, कुठला किती सेकंदांनी चमकतो, आजच्या फेरीत अंदाजे किती वाजता दिसेल. जहाजावरच्या अधिकाऱ्यांकडे ही माहिती असतेच, त्याशिवाय जहाज चालणारच नाही. डाव्या बाजूच्या डेकचा एक कोपरा रात्री अंधारा ठेवा, तिथले झगमग दिवे बंद करा, म्हणजे डोळ्यांना लांबचं दिसेल. आणि रात्री एक वाजता ज्याला उठायचंय त्याच्यासाठी तिथे चार खुर्च्या आणि चहा. मुंबईत २०२५ च्या सप्टेंबरात नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं, तिथे माणसं तासन् तास चेक-इनसाठी बसतात, तिथल्या एका भिंतीवर आपल्या किनाऱ्यावरच्या दीपगृहांचे फोटो आणि नावं लावली तरी लहान मुलं वाचतील.

एक विनंती तुमच्या वाचकांनाही. आईला एक गोष्ट कितीही आठवली तरी आठवत नाहीये, देवगडला बोट नक्की किती वाजता पोचायची, काळोखात की उजाडल्यावर. तिला पडावात उतरताना आजीचा चेहरा दिसल्याचं आठवतं, पण तो उजेड सूर्याचा होता की कंदिलाचा हे सांगता येत नाही. कोणाकडे १९६० च्या आसपासचं कोकण बोटीचं वेळापत्रक किंवा तिकिटाचा कागद जपून ठेवलेला असेल तर कृपया या सदरात कळवा, आम्ही डिसेंबरात निघायच्या आत छापलंत तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक, ठाणे